स्मृतिदौडीचे सहा चषक

धावणारा माणूस मृत्यूला मागे टाकत असतो. हे वाक्य मी सतरा वर्षांची असताना एका मंचावरून ऐकलं. बोलणारे साहेब मंचाच्या चार पायऱ्या दोन माणसांच्या आधाराने चढले होते, आणि ज्याच्या स्मृतीसाठी ते बोलत होते तो माझा मोठा भाऊ धावतानाच मेला होता. टाळ्या मात्र पडल्या.

साहेबांच्या मागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर भावाचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट साहेबांचा. भावाच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘वाऱ्याशी शर्यत लावणारा धावपटू’. ते वाचून माझ्या कानशिलातून जाळ निघाला. माझा भाऊ वाऱ्याशी शर्यत लावणारा नव्हता. बैलगाडीशी लावली असती तरी बैलांनी त्याची वाट पाहिली असती.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्याकडे बारावी झालेला आणि दोन्ही पाय धड असलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा काही वर्षं ती करतो. मैदान नसतं, म्हणून सगळे पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात. भावाची उंची भरायची, छाती फुगायची, गोळाही तो बऱ्यापैकी फेकायचा. सोळाशे मीटर पळायची वेळ आली की मागे राहायचा. दोन भरत्या त्याच्या सोळाशेत गेल्या होत्या.

मी शाळेत पळायचे आणि बरी पळायचे. म्हणून त्याने मला पुढे घातलं.

“तू पुढं पळ वं,” तो म्हणायचा. “ढोराले जसा पुढं हिरवा चारा दिसला का ते चालते, तसं माह्यं हाय. पुढं कोणी दिसल्याशिवाय पाय उचलत नाही.”

“अन् भरतीत कोण राहीन पुढं?”

“भरतीत सगळेच राह्यतात पुढं. तिथं चाऱ्याची कमी नाही.”

आम्ही गावातून निघून धाड या बाजारगावाच्या रस्त्याला लागायचो, पाण्याच्या टाकीपुढच्या वळणापर्यंत जायचो आणि परत. मी पुढे, तो मागे धापा टाकत. धापा टाकतानाही त्याची बडबड थांबायची नाही. “मी पोलीस झालो ना, त चोर पुढं, मी मागं, अन् माह्या मागं मले शिव्या देत साहेब. चोराले काय, तो आरामात चहा पिऊन पळीन.” मला हसू आलं की माझा वेग कमी व्हायचा, आणि तेवढ्यात तो मला गाठायचा. माझ्याबरोबर येण्याचा हा त्याचा एकमेव मार्ग होता.

त्या पहाटेही मी पुढे होते. वळणावर मागून एक चारचाकी आली. आधी मागे, भाऊ होता तिथे, आवाज झाला. मग ती गाडी माझ्या बाजूने गेली. मला तिने व्यवस्थित चुकवलं. थोडी उजवीकडे घेऊन, जसं एखादं कुत्रं चुकवतात तसं, आणि मग सरळ होऊन निघून गेली. म्हणजे चालवणाऱ्याला चुकवता येत होतं. ही गोष्ट मला भावाच्या मरणापेक्षा कमी समजली आहे, आणि तिचा राग जास्त आहे. मागचे दोन लाल दिवे सोडले तर मी काही पाहिलं नाही. गाडी सापडली नाही.

मग माणसं बसायला येऊ लागली. आमच्याकडे याला बसायला येणं म्हणतात आणि ती खरोखरच बसतात. मामा रीतीप्रमाणे बाबांना टॉवेल-टोपी घेऊन आले, चुलत मामा आले, सोयरे आले, प्रत्येकाचा एक टॉवेल आणि एक टोपी. मुलगा गेल्यावर बापाला टॉवेलची गरज पडते हे कोणी आणि कधी ठरवलं ते माहीत नाही. आमच्या घरात त्या वर्षी जितके टॉवेल होते तितके चिखलीच्या एखाद्या लॉजमध्येही नसतील.

बसायला आलेल्यांना एक विषय लागतो. पहिले दोन दिवस विषय भाऊ होता. तिसऱ्या दिवसापासून मी.

“एक पोरगं रस्त्यानं खाल्लं,” आत्या बाबांना म्हणाली. “आता पोरगीबी त्याच रस्त्यावर पाठवता का, दादा?”

“नाही पाठवत,” बाबा म्हणाले.

“अन् पोरीच्या जातीले पळून कुठं जायाचं हाय? पळून गेली त गाव हसते.”

बायका पदराआड हसल्या. सुतकातही हसू येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की बाबांनी दिलेला शब्द खरा केला. बुटांची जोडी धान्याच्या कोठीमागे गेली. माझं पळणं तिथे, पाहुण्यांच्या चहाच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, बंद झालं. मला कोणी काही विचारलं नाही. मी तेव्हा कप विसळत होते.

साहेब पाचव्या दिवशी आले. बरोबर फोटो काढणारा होता. त्याने आधी दारातली बाज बाजूला करायला लावली, उजेड नीट येत नव्हता म्हणून. साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले, बाबांचा हात हातात घेतला, फोटो निघाला, हात सुटला. बाबांनी आयुष्यात राजकारण्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी एक मागितलं.

“साहेब, त्या वळणावर एक गतिरोधक टाकून द्या. बाकी काही नाही.”

“टाकू ना, काका. झालं म्हणून समजा.”

बाबांनी वर्षभर झालं म्हणून समजलं. बाजाराच्या दिवशी धाडला भाजी घेऊन जाताना ते वळणावर मोटारसायकल हळू करायचे. तिथे काही नाही हे पाहायचे आणि पुढे जायचे.

मी त्या वर्षी शेतात पळाले. आमचं शेत भाजीपाल्याचं. मेथी, पालक, सांबार म्हणजे ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात ती, थोडी वांगी, कडेने भेंडी. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेताला फेऱ्या मारायचे. अनवाणी, कारण बूट कोठीमागे. धुरा हातभर रुंद, एका अंगाला पाटाचं पाणी, दुसऱ्या अंगाला बोराटीचे काटे. त्यावर पळणं म्हणजे सरळ पळणं नव्हतं, तोल सांभाळत रागावणं होतं. मला दुःख झालं होतं असं सगळे म्हणत, आणि मी मान हलवत असे. पण मला मुख्यतः राग आला होता. गाडीवाल्यावर, आत्यावर, टॉवेलांवर, मेल्यामुळे एकदम गुणी झालेल्या भावावर. शाळेतल्या शोकसभेत तो ‘शिस्तप्रिय’ झाला. शिस्तप्रिय! तो दोन पायांत दोन वेगवेगळे मोजे घालायचा आणि म्हणायचा, दोन जोड्या आहेत माझ्याकडे अशा.

आई मला पळताना पाहायची. निंदणं करता करता मान वर करायची आणि एवढंच म्हणायची, “वाफे मोडू नको.”

आई रडली नव्हती. बसायला आलेल्या बायकांनी तिला रडवायचा मनापासून प्रयत्न केला, गळ्यात पडल्या, सूर लावले, आई त्यांना पाणी देत राहिली. मग त्या मागे बोलल्या, की माय मोठी कडक हाय. ती रडली ती चार महिन्यांनी. बियाणं काढायला गेली तर पुरचुंड्या उंदरांनी फाडलेल्या, सांबाराच्या बियांची फोलं सगळ्या कोपऱ्यात. आमच्याकडे घरचंच बी धरतात, ते फडक्यात बांधून आढ्याला टांगतात. टांगायचं काम भावाचं होतं, उंचीमुळे. त्या वर्षी कोणी टांगलं नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही की ते काम कोणाचं होतं. आई त्या फोलांजवळ बसून उंदरांना शिव्या देत रडली. बसायला आलेल्या बायकांपैकी तेव्हा एकही हजर नव्हती, हे बरं झालं.

वर्ष भरत आलं तेव्हा साहेबांचा कार्यकर्ता आला. गतिरोधकाचं काय ते त्याला माहीत नव्हतं. तो स्मृतिदौड घेऊन आला होता. भावाच्या नावाने, धाडच्या रस्त्यावर, मुलांसाठी पाच किलोमीटर, मुलींसाठी तीन. रस्ता त्या सकाळी बंद ठेवणार होते.

“ताईनं क्रीडाज्योत पेटवायची,” तो बाबांना म्हणाला. “पांढरा ड्रेस घालून. मोठं भावनिक होईन.”

“मी पळीन,” मी म्हणाले.

तो बाबांकडे पाहू लागला. बाबा माझ्याकडे. तेवढ्यात कार्यकर्त्यालाच कल्पना आवडली. “पळू द्या ना, काका. बहीण पळून राह्यली भावासाठी. पेपरात येईन. ज्योत पेटव, अन् मंग पळ.”

“मुलींचं अंतर कमी का?”

“पोरींले झेपत नाही ना, ताई.”

ज्याच्या नावाने शर्यत होती त्याला मी रोज मागे टाकत होते. हे मी कार्यकर्त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही भावनिक झालं असतं. मी फक्त विचारलं, की मुली वळणार कुठून.

“टाकीच्या अलीकडं. तिथं ड्रम ठेवू चुना मारून.”

टाकीच्या अलीकडे. म्हणजे वळणाच्या अलीकडे. वर्षभर मला एकच गोष्ट हवी होती, त्या वळणावरून पुन्हा एकदा पळत पुढे जायचं. थांबून फूल ठेवायचं नव्हतं, हात जोडायचे नव्हते. तिथे माझं पळणं तुटलं होतं, आणि तिथूनच ते मला उचलून पुढे न्यायचं होतं. ते झालं नाही तर मी जन्मभर धुऱ्यावर तोल सांभाळत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आता वर्षातून एक सकाळ रस्ता रिकामा मिळणार होता, घरची परवानगी होती, बूट कोठीमागून बाहेर आले होते, आणि साहेबांनी नेमका तिथे ड्रम ठेवला होता.

शर्यतीच्या दिवशी साहेब उशिरा आले. आम्ही सगळे पाठीवर नंबर लावून उन्हात उभे. मंचासमोर पहिल्या रांगेत पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, त्यांवर कागद, ‘कुटुंबीय’. आई एका खुर्चीच्या कडेवर बसली होती, जशी ती बँकेत बसते. बाबांची खुर्ची रिकामी होती. क्रीडाज्योत वाऱ्याने तीनदा विझली, शेवटी गॅसच्या लायटरने पेटवली आणि कार्यकर्ता तिच्यापुढे ढाल धरल्यासारखा उभा राहिला. मग साहेब मृत्यूला मागे टाकण्याबद्दल बोलले. माझ्या शेजारी डोणगावची एक मुलगी होती. मायला बरोबर घेऊन अंधारातच एसटीने निघालेली, पायात गावठी शिवणीचे बूट.

“कोण मेलं वं?” तिने मला हळूच विचारलं.

“माझा भाऊ.”

तिने फ्लेक्सवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, “जोऱ्यानं पळत होता का?”

“नाही.”

“मंग ठीक,” ती म्हणाली. वर्षभरात भावाबद्दल मला कोणी विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न होता.

झेंडा पडला. मुलं-मुली एकदमच सोडली होती. डोणगावची पहिल्या शंभर पावलांतच पुढे गेली आणि ती कोणाच्या हाती लागणार नाही हे दिसलं. मला पर्वा नव्हती. चुन्याचा ड्रम आला. ती वळली, तिच्यामागच्या मुली वळल्या. मी वळले नाही.

“ओ ताई! वळा! पोरींचं इथूनच!” ड्रमजवळचा मुलगा ओरडला. “ताई, बाद होसान तुम्ही!”

मी पुढे गेले. टाकी आली. मग वळण.

वळणावर बाबा उभे होते. मोटारसायकल कडेला लावलेली, खांद्यावर त्या असंख्य टॉवेलांपैकी एक. मंचासमोरची खुर्ची सोडून ते सकाळपासून इथे येऊन उभे होते, हे मला नंतर आईने सांगितलं. मला वाटलं आता थांबवतील. ते रस्त्यात दोन पावलं आले, आणि हात करून ओरडले.

“डाव्या अंगानं नको पळू वं! उजव्या अंगानं पळ! समोरची गाडी दिसते!”

रस्ता बंद होता. समोर गाडी नव्हती, मागे नव्हती. मी उजव्या अंगाला गेले. मी थांबले नाही. वळण मागे पडलं. तिथे काय वाटलं असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. पोटरीत गोळा आला होता, एवढं वाटलं. त्यानंतर बूट कोठीमागे गेले नाहीत.

मुलांबरोबर मी कितवी आले ते कोणी मोजलं नाही, कारण मी तिथे असायलाच नको होते. पण साहेबांना फोटो हवा होता.

“पहिलं बक्षीस हिला द्या,” ते माइकपासून तोंड वळवून म्हणाले, पण माइकने ऐकलं.

“मी मुलींच्या शर्यतीत नव्हते,” मी म्हणाले. “ती पहिली आहे.”

“बेटा, नियम असतात. पण भावना पण असतात.”

मला त्या क्षणी त्यांच्या भावनेवर काहीतरी फेकून मारायचं होतं. टेबलावर सहा चषक होते, मुलांचे तीन, मुलींचे तीन. सोनेरी प्लास्टिकचे, झाकणाचे. झाकणावर एक छोटा पुतळा असतो तसा होता, पण तो फटका मारणारा फलंदाज होता. चिखलीच्या दुकानात बहुतेक तेच शिल्लक असावेत. आणि प्रत्येक चषकाच्या पोटावर माझ्या भावाचा हार घातलेला फोटो, वर ‘कै.’.

एवढी तयारी केलेल्या माणसांना एक साधी गोष्ट सुचली नव्हती. ती डोणगावच्या मुलीच्या मायने बोलून दाखवली. मुलीचं नाव पुकारलं, मुलगी पुढे निघाली, तशी माय मंचाखालून म्हणाली, “थांब वं! ते काय हाय? हाराचा फोटो हाय ना त्याच्यावर?”

“स्मृतिचषक आहे, मावशी,” कार्यकर्ता म्हणाला.

“मेलेल्या पोराचा फोटो मी घरात नाही नेत, बाप्पा. लहान भाऊ हाय तिचा घरी. बॅग द्या, टी-शर्ट द्या. ते राहू द्या तुमच्यापाशी.”

मुलांचं त्याहून वाईट झालं. ती सगळी भरतीवाली पोरं. पहिला आलेला चषकाकडे हातही न्यायला तयार नव्हता. “दोनदा राह्यला ना हा सोळाशेत?” तो मित्राला म्हणाला. “याले घरी नेला त माह्या नंबर लागते का बे?” दुसरा म्हणाला, “आपल्याले टी-शर्ट बस झाला.”

वाऱ्याशी शर्यत लावणाऱ्या धावपटूबद्दल मंचावर पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं होतं. मला हसू आलं आणि ते आवरेना. साहेबांनी तोवर गुलालाच्या ताटात अंगठा बुडवला होता, मला लावायला. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की तिथीने वर्ष व्हायला आठवडा आहे, घराला गुलाल चालत नाही. साहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं. फोटोवाला थांबला होता. शेवटी त्यांनी अंगठा मुठीत लपवला आणि फोटो निघाला. पेपरात तो आला तेव्हा साहेब माझ्यावर मूठ उगारल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी जीप आली आणि सहाही चषक आमच्या ओट्यावर ठेवून गेली. टाकून देता येईनात, पोराचा फोटो उकिरड्यावर कोण टाकेल. फळीवर मांडता येईनात. आई पदराला हात पुसत ओट्यावर आली.

“एक पोरगं नेलं,” ती म्हणाली, “अन् सहा आणून देले. आता एवढे कुठं ठेवू?”

पुढे मी विद्यापीठापर्यंत पळाले, मग नोकरीला लागले, आणि अजून सुटीत घरी गेले की पहाटे धाडच्या रस्त्याला जाते, उजव्या अंगाने. वळणावर गतिरोधक झालेला नाही, पाठपुरावा चालू आहे असं कळतं. साहेबांनी दुसऱ्या वर्षी दौड घेतली नाही.

चषक घरातच आहेत, फोटोंसकट. एकात मेथीचं बी, एकात पालकाचं, दोनांत सांबाराचं, एकात भेंडीचं, आणि सहाव्यात आई सुपारी ठेवते. झाकणं घट्ट बसतात. उंदीर लागत नाहीत.